माझ्या बाजूचा कोरा गोल

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. दोनदा लिहायलाही बसलो होतो. पहिल्यांदा चार ओळींनंतर सोसायटीच्या पाण्याचा विषय आठवला, आणि त्याच कागदावर महापालिकेला तक्रारीचा अर्ज लिहून मोकळा झालो. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत लिहिलं, पण त्यात मी स्वतःला इतकं सांभाळून घेतलं होतं की वाचताना मलाच माझी दया आली. ते फाडून टाकलं. आता मी ऐंशी ओलांडली आहे. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

माझ्या मुलीला एक आजार होता. त्यावर कोणतं औषध लागू पडू शकेल याचा एक धागा माझ्याकडे होता. डॉक्टरांनी तो मला सरळ शब्दांत विचारला आणि मी नाही म्हणालो. त्या एका ‘नाही’पायी मुलीची जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि माझी बायको जे तिचं नव्हतंच असं ओझं उरावर घेऊन गेली. हकीकत एवढीच आहे.

गिरगावातून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा मुलगी शाळेत होती. शांती नगरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान आणि फरसाणवाला. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. निवृत्त झालो त्याच सुमारास मुलीला भाईंदरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. शेअर रिक्षाने जायची, शेअर रिक्षाने यायची. दोन हजार तीन-चारचं साल असेल. ती घरी उशिरा यायला लागली. आधी अर्धा तास, मग दीड, मग दोन.

कारण विचारलं तर सांगेना. शेवटी एके दिवशी मीच तिच्याबरोबर गेलो. रिक्षा एका खड्ड्यात दणकली, तशी ती ओरडली, “भैया, रोको.” उतरली आणि आल्या वाटेने मागे चालू लागली. रस्ता बघत, कडेची गटारं बघत.

रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, “मॅडम, खड्डा था, खड्डा. यहाँ आदमी कम है, खड्डे ज्यादा.”

मुलगी हसली. खरंच हसली. आणि तरी मागे चालत गेली. तिला वाटत होतं की चाकाखाली कुणीतरी आलं. तसं काही झालेलं नाही हे तिला माझ्याइतकंच कळत होतं, पण बघितल्याशिवाय पुढे जाववत नव्हतं. मी मागोमाग गेलो.

“बघितलंस? कुणी नाही.”

“पलीकडच्या बाजूला बघितलंत तुम्ही?”

“बघितलं.”

“नीट?”

त्या दिवसापासून हे ‘नीट?’ आमच्या घरात राहायला आलं. गॅसचं बटण नीट, कडी नीट, आईचा हात पोळीच्या तव्याला लागला तर नाही ना, नीट बघ. वर्षाच्या आत तिने रिक्षा सोडली. मग चालत जाणंही सोडलं, कारण चालतानाही कुणाला धक्का लागू शकतो. मग नोकरी सोडली.

मग आम्ही तिला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. औषधांच्या दुकानावर, माडीवर त्यांची खोली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ओसीडी. माझ्या बायकोने विचारलं, “म्हणजे मंत्रचळ का हो?” त्या म्हणाल्या, “हो, जुने लोक तेच म्हणायचे.”

तो शब्द मी पूर्वी ऐकला होता, एका मोठ्या रुग्णालयात, माझ्या बहिणीच्या बाबतीत.

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणत असे. विशीतच तिचं हात धुणं सुरू झालं. चाळीतल्या सामाईक नळावर ती दोन-दोन तास उभी राहायची. बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. कुणी शिवलं की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या एखाद्या घरात हा आजार ठरला असता. आमच्या घरात त्याला सोवळं म्हणत. नातेवाईक कौतुक करायचे की आजकाल असं कडक सोवळं बघायला मिळत नाही. गणपतीत नैवेद्याला तिलाच बोलावणं यायचं. आजाराला आमच्या घरात मान होता, त्यामुळे तो आजार आहे असं म्हणणाराच नास्तिक ठरला असता.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, “थोरल्या बहिणीचं राहिलं का?” आई म्हणाली, “ती सोवळ्यातली. तिला संसारात रस नाही.” मी शेजारीच बसलो होतो. ताईच्या हातांना त्या दिवशी मीच मलम लावलं होतं. मी काही बोललो नाही.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिचे हात सडायला आले, तेव्हा मी तिला रुग्णालयात नेलं. त्वचेच्या विभागातून मनोविकाराच्या विभागात पाठवलं. दर शनिवारी मी तिला घेऊन जायचो. घरी सांगायचो, ताईला रक्तदाब आहे. माझ्या बायकोलाही हेच सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी क्लोमिप्रामीन नावाचं औषध दिलं. त्याने तिच्या तोंडाला कोरड पडायची, म्हणून पिशवीत सतत पाण्याची बाटली असायची. तीन महिने काही फरक नाही. चौथ्या महिन्यात एका शनिवारी, रुग्णालयाच्या कँटीनमधून बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मी ग्लास न धुता चहा प्यायले.” परीक्षेचा निकाल सांगावा तशा आवाजात.

हळूहळू ती मोकळी झाली. शिवणाच्या वर्गात शिकवायला लागली. आई शेवटपर्यंत कुरकुरत राहिली की हिने सोवळं सोडलं. ताईला त्याचं हसू यायचं. पुढे तिने भाईंदर पश्चिमेला एक खोली घेतली आणि एकटी राहिली, व्यवस्थित. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. आजार माहीत होता, औषधाचं नावही पाठ होतं.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या भेटीत एक कागद काढला आणि आमच्या घराण्याचा नकाशा काढायला घेतला. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. ज्याला असा काही त्रास असेल त्याचा गोल किंवा चौकोन पेनाने भरून टाकायचा. कशासाठी, तेही त्यांनी समजावून सांगितलं.

“हा आजार काही प्रमाणात घराण्यातून येतो. औषधाचंही तसंच आहे. कुणाचं शरीर एखादं औषध पटकन उडवून लावतं, कुणाचं साठवून ठेवतं. त्यातलं काही आईवडिलांकडून आलेलं असतं. ते रक्तातून वाचायची सोय माझ्याकडे आज नाही. मी फक्त विचारू शकते. म्हणून विचारते, घरात कुणाला असा त्रास होता का, आणि कुठल्या औषधाने बरं वाटलं का?”

माझी बायको आधी बोलली. विचारल्याबरोबर, काही न लपवता. तिचा एक मामा होता. दिवसभर कपड्यांच्या घड्या घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. एके दिवशी घरातून निघून गेला तो आलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी तिच्या बाजूचा एक चौकोन अर्धा भरला आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

“आणि काका, तुमच्याकडे?”

त्यांनी ताईचा गोल काढला होता. पेन त्यावरच टेकवलेलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडे कुणाला नाही.”

बायको म्हणाली, “वन्सं पूर्वी फार सोवळ्यातल्या होत्या म्हणतात.”

“ते धार्मिक होतं,” मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रौढ, शुद्ध बोलणारा, नीट कपडे घातलेला माणूस. त्यांनी विश्वास ठेवला. गोल कोराच राहिला.

मी तसं का केलं हे मी स्वतःला वर्षानुवर्षं वेगवेगळं सांगत आलो. मुलीचं लग्न व्हायचं होतं. ताईचा आजार हात धुण्याचा होता, हिचा रिक्षातला. दोन्ही एकच कसे असतील? पण खरं कारण साधं होतं. होय म्हटलं असतं तर बायकोच्या समोर म्हणावं लागलं असतं, आणि मग लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांना आम्ही फसवलं हे उघड झालं असतं. तीस वर्षं ती माझ्याशी सरळ वागली होती. तिने माझ्याकडे पाहून ‘अहो, तुम्हाला माहीत होतं?’ असं विचारावं, एवढ्याच गोष्टीला मी घाबरलो.

जिन्यावरून उतरताना ती म्हणाली, “म्हणजे माझ्याकडून आलं.”

“डॉक्टर म्हणाल्या ना, दहा गोष्टी असतात.”

“दहातली एक तर माझीच ना.”

पहिलं औषध दिलं. या आजारात औषधाला दहा-बारा आठवडे द्यावे लागतात, मात्राही चढवत न्यावी लागते. उपयोग झाला नाही. दुसरं दिलं. त्याने तिला मळमळायचं, झोप यायची, पण ‘नीट?’ तसंच राहिलं. मग तिसरं. प्रत्येक वेळी तीच आशा, तीच वाट पाहणं, आणि तिसऱ्या महिन्यात मुलगी खिडकीशी उभी राहून म्हणायची, “बाबा, हेही नाही बहुतेक.” तक्रार करायची नाही. मला तेच सहन व्हायचं नाही.

बायको या काळात बदलली. पूर्वी ती मामाच्या गोष्टी आवडीने सांगायची. तो तिच्यासाठी खिशात पेरू कसे आणायचा, घडीच्या रुमालाचा उंदीर कसा करायचा. त्या गोष्टी बंद झाल्या. माहेरी जाणं कमी झालं. कपडे वाळले की ते घडी न घालता तसेच कपाटात कोंबायची. हात लावायला भ्यायल्यासारखी. मी बघत होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिची त्यातून सुटका झाली असती. मी इस्त्रीवाल्याला कपडे द्यायला लागलो.

एका रविवारी ताई जेवायला आली. मुलगी आतल्या खोलीत होती. फ्रीजवर औषधाच्या पट्ट्या होत्या, त्या ताईने उचलून डोळ्यांजवळ धरल्या आणि माझ्याकडे बघितलं. निघताना मी तिला खालपर्यंत सोडायला गेलो. जिन्यात ती थांबली.

“मला गुण आला ते औषध हे नाही.”

“माहीत आहे मला.”

“डॉक्टरला सांगितलंस?”

मी एक पायरी खाली उतरलो.

“मग मी सांगते.”

“नको, ताई. पोरीचं लग्न व्हायचंय.”

“लग्न? ती खाली दुधाची पिशवी आणायला उतरू शकत नाही, आणि तू अक्षता वाटायला निघालायस.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पोरीचं सोड. तू बायकोला घाबरतोयस.”

मी कठड्याला धरून उभा राहिलो.

“बरं,” ती म्हणाली. “तुझ्या घरात मी सोवळ्यातलीच बरी.”

नंतरच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा यायची, जेवून लगेच निघायची. तिने माझा शब्द पाळला. जवळजवळ एक वर्ष पाळला, कारण आयुष्यात कधीतरी मी तिच्या हातांना मलम लावलं होतं. त्या उपकाराचा मी असा उपयोग केला.

एके दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मला एकट्याला बोलावलं होतं. टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात पिवळा पडलेला केसपेपर. ताईने तीस वर्षं जपून ठेवलेला. ती सकाळी स्वतः येऊन गेली होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काका, खात्री कधीच नसते. आत्याला लागू पडलं म्हणून भाचीला पडेलच असं नाही. पण हे कळलं असतं तर पहिल्या दोन औषधांनंतर मी हेच दिलं असतं.” मग म्हणाल्या, “जुनं औषध आहे, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून मगच सुरू करावं लागतं, म्हणून आम्ही ते मागे ठेवतो. पण घरात कुणाला गुण आला असेल तर ते पुढे आणतो.”

त्यांनी तो जुना नकाशा काढला आणि माझ्यासमोर ताईचा गोल निळ्या शाईने पूर्ण भरला. मग विचारलं, “काकूंना मी सांगू?”

“मी सांगतो,” मी म्हणालो.

त्यांनी याही वेळी विश्वास ठेवला.

औषध सुरू झालं. मात्रा हळूहळू वाढवली. मुलीच्या तोंडाला कोरड पडायला लागली, पाण्याची बाटली बरोबर आली. मी ते बघून एका बाजूला घाबरायचो आणि एका बाजूला मोजत राहायचो, किती आठवडे झाले. अकराव्या आठवड्यात मी तिला रिक्षात घेऊन गेलो. पेट्रोल पंपाच्या पुढे रिक्षा चांगली दणकली. तिने पुढच्या दांड्याला घट्ट धरलं. मी ‘भैया, रोको’ ऐकायची वाट पाहिली. ती डोळे मिटून बसून राहिली. रिक्षा पुढे गेली. स्टेशनपाशी उतरल्यावर म्हणाली, “मागे काही झालं असेल तर असू दे आता.” आणि रडायला लागली.

आजार पूर्ण गेला नाही, तो असा जात नाही म्हणतात. पण निम्म्याहून जास्त गेला. वर्षभरात तिने दुसऱ्या ग्रंथालयात नोकरी धरली. ताई पुन्हा दर रविवारी येऊ लागली. नवीन औषध कुठून आलं हे बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “डॉक्टरांनी शोधून काढलं.” ताई समोरच जेवत होती. तिने भाताचा घास घेतला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मी सांगणारच होतो. आधी वाटलं, घरात इतक्या दिवसांनी आनंद आहे, तो कशाला बिघडवा. मग ताई गेली, झोपेत, काही त्रास न होता. तिच्या माघारी तिच्याबद्दल असं काही बोलणं बरं दिसणार नाही असं ठरवलं. मग बायकोची मूत्रपिंडं बिघडली. आजारी माणसाला धक्का नको. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं. छापखान्यात एखादी चूक सुटली की आम्ही पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणायचो. मी घरात तेच करत राहिलो.

शेवटी शेवटी ती रुग्णालयात होती. सकाळची वेळ, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. मुलगी तिच्या उशाशी बसली होती. मी पायथ्याशी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होतो.

बायको मुलीला म्हणाली, “माझ्या मामाचं तुला आलं गं. तुझी उमेदीची वर्षं माझ्यामुळे गेली. मनात ठेवू नकोस.”

“आई, असं नसतं. कुणामुळे नसतं ते.”

“असतं. नकाशा काढला होता डॉक्टरांनी. मी बघितलाय. तुझ्या बाबांकडे सगळं स्वच्छ होतं.”

मी मोसंबं सोलत राहिलो. पांढऱ्या शिरा एकेक करून काढल्या. एवढ्या निगुतीने मी आयुष्यात फळ सोललं नव्हतं. मग फोडी बशीत ठेवल्या आणि म्हणालो, “घे, गोड आहे.” तिने एक फोड तोंडात धरली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मुलीला मी गेल्या वर्षी सांगितलं. ती आता पन्नाशीकडे झुकली आहे, अजूनही औषधाची लहानशी मात्रा घेते. मी सगळं सांगितलं, ताई, शनिवार, केसपेपर, कोरा गोल. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, “आईला कधी कळलं?”

“नाही कळलं.”

मी म्हणालो, “मला माफ कर.”

“माझं मी बघेन, बाबा,” ती म्हणाली. “मला राग आहे, तो जाईल किंवा राहील. पण ही माफी माझी नाही. ज्या माणसाची आहे त्या माणसापाशी तुम्ही तीन दिवस बसला होतात.”

रक्तातून काय येतं आणि काय नाही, यावर पुढे मी बरंच वाचलं. त्यात दोष कुणाचा नसतो, हे मला पटतं. तसं कुणाला आपल्या बोटांचा आकारही निवडता येत नाही. पण ‘नाही’ हा शब्द मला कुणाकडून आलेला नव्हता. तो मी माझ्या तोंडाने म्हणालो होतो, आणि मग ‘मी सांगतो’ हेही माझ्याच तोंडाने.

सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. मी ते मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की त्यातला एकही शब्द आता इकडचा तिकडे होत नाही. अगं, तुझ्या मामाचं नाव उगाच घेऊ नकोस. हा आजार आमच्या घरात होता, ताईला होता, आणि तुझ्या वडिलांसमोर बसलो होतो तेव्हाही मला तो माहीत होता. मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि तू स्वतःला दोष देत होतीस तेव्हा मी बघत बसलो. मला माफ कर.